शब्दचर्चा: थाई मालिकांमधला ‘फी’ मराठीत कसा आणावा?

विचारणा

‘सोटस’ ही २०१६ची थाई मालिका सध्या आईबरोबर पुन्हा बघतेय. आईला इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेला कोंगफोप आणि तिसऱ्या वर्षाचा आथित यांची ही प्रेमकथा आहे. नव्या मुलांवर खेकसून त्यांना शिस्त लावायची जबाबदारी आथितकडे आहे. कोंगफोप त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘फी आथित’ म्हणतो. कोश म्हणतो, ‘फी’ म्हणजे थोरलं भावंड. तसं पाहिलं तर ‘आथितदादा’ व्हायला हवं. पण मराठीत एकदा ‘दादा’ म्हटलं की तिथे प्रेमाची वाट बंदच होते. आपल्याकडे मुली नको असलेल्या मुलाला मुद्दाम दादा म्हणतात, ते त्यासाठीच. इंग्रजी सबटायटल्सवाल्यांनी नावाआधी नुसतं ‘पी’ अक्षर ठेवून सुटका करून घेतली आहे. मराठीत काय करावं?

प्रतिसाद

उच्चार आधी. ‘फळ’मधला फ, आणि ई दीर्घ. चढता सूर आहे की उतरता, ते आपल्या लिपीत दाखवता येणार नाही; उतरता आहे एवढं सांगतो.

अर्थ कोशात आहे तोच, पण वापर फार ऐसपैस आहे. कामानिमित्त काही वर्षं बँकॉकला होतो. तिथे भाजीवाली, रिक्षावाला, ऑफिसातली वरिष्ठ बाई, शेजारच्या घरातला मुलगा, वयाने थोडं मोठं दिसेल ते सगळे ‘फी’. लहान असेल तो ‘नॉंग’. या शब्दांना लिंग नाही, त्यामुळे दादा आणि ताई दोन्ही त्यात आले. शिवाय नवरा वयाने मोठा असेल तर बायको त्यालाही सर्रास ‘फी’ म्हणते. म्हणजे नातं भावाचं नाही, थोरलेपणाचं आहे. दादा या शब्दात रक्त येतं, ‘फी’मध्ये फक्त वय.

आणखी एक गंमत ऐकताना पकडा. थाईत हे शब्द ‘मी’ म्हणूनही चालतात. मोठा माणूस लहानाशी बोलताना स्वतःला ‘फी’ म्हणवतो, जसं आपली आजी नातवाला म्हणते, ‘आजी देते हं तुला.’ एरवी आवाज चढवणारा मोठा मुलगा धाकट्यासमोर स्वतःचा उल्लेख ‘फी’ असा करू लागला, की समजायचं, तो मऊ झाला. इंग्रजीत दोन्ही वेळी एकच ‘आय’ उमटतो आणि प्रेक्षकाच्या हातून तो क्षण निसटतो.

माझी सूचना ‘आथितसर’ अशी आहे. आपल्या मेडिकल कॉलेजांत एक वर्ष पुढच्या मुलालासुद्धा सर म्हणतात, आणि त्या सरांशी पुढे लग्नही होतं. कुणाला खटकत नाही.

प्रतिसाद

‘सर’ या मालिकेपुरतं चालेल, कारण कॉलेजचा दरारा त्यात येतो. पण ‘फी’मधली माया त्यात नाही. मी म्हणेन, शब्द तसाच ठेवा आणि क्रियापद आदरार्थी करा: ‘फी आथित, तुम्ही जेवलात का?’ मराठीला ही सोय आहे, इंग्रजीला नाही. ती वापरलीच पाहिजे.

जाता जाता: थाईत आथित म्हणजे सूर्य, आपला आदित्य. आणि कोंगफोपमधला ‘फोप’ म्हणजे भव. आईंना सांगा, नावं लगेच ओळखीची वाटतील.

प्रतिसाद

वरच्या दोन्ही सूचना पटल्या. पण ‘फी’चं वजन कळायला त्याच्या उलट टोकाचे शब्द माहीत हवेत: ‘कू’ आणि ‘मुंग’. कू म्हणजे मी, मुंग म्हणजे तू. अनोळखी माणसाला हे म्हटलं तर भांडण जुंपेल. जिवलग मित्रांत मात्र दुसरं काही म्हणणंच परकेपणाचं.

हे शब्द मुळात उद्धट नव्हते. सुखोथायच्या रामखम्हेंग राजाचा १२९२चा मानला जाणारा शिलालेख बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात राजा सांगतो, माझ्या बापाचं नाव श्री इंद्रादित्य, माझ्या थोरल्या भावाचं नाव बान मुअंग. तिथे ‘माझा थोरला भाऊ’ यासाठी शब्द आहेत ‘फी कू’. राजा स्वतःला कू म्हणतोय! पुढे दरबारी आणि शहरी सभ्यतेने कूला खाली ढकललं आणि तो मित्रांच्या कट्ट्यावर येऊन राहिला.

आता ‘बॅड बडी’ (२०२१-२२) बघा. शेजारी शेजारी दोन घरं, घरांत जुनं वैर, आणि दोन्हीकडे एकेक मुलगा: पॅट इंजिनिअरिंगला, प्रान आर्किटेक्चरला. (प्रान म्हणजे आपला प्राण.) हे दोघे भांडताना कू-मुंग करतात आणि प्रेमात पडल्यावरही कू-मुंगच करतात. शब्द तोच, त्यातली मारामारी तेवढी गळून जाते. दिग्दर्शक नोफरनाच चैविमोल यांचं हे मोठं कसब आहे असं मला मनापासून वाटतं. मराठीत इथे बिनधास्त अरे-तुरे हवं, ‘काय रे ए’ हवं. आपणही आईला आणि विठोबाला अरे-तुरे करतो, तेव्हा जवळिकीचं एकेरी आपल्याला शिकवावं लागत नाही.

या मालिका मला का आवडतात, याचंही उत्तर इथेच आहे. मुलगा-मुलीच्या प्रेमकथेत कुणी कुणाला काय म्हणायचं हे बहुतेक ठरलेलं असतं. आपल्याकडे तर लग्न होताच तो ‘अहो’ होतो आणि ती ‘अगं’ राहते. दोन मुलांच्या गोष्टीत असं काहीच आयतं नसतं. प्रत्येक हाक त्यांना आपसांत ठरवावी लागते, आणि ती ठरताना बघणं यातच या विनोदी प्रेमकथांची निम्मी गोडी आहे.

प्रतिसाद

छान चर्चा. माझ्या वहीतले चार शब्द घालते.

चीप: मागे लागणे, प्रेमासाठी मनधरणी करणे. मूळ अर्थ चुण्या घालणे, दुमडणे. नेसूच्या निऱ्या घालणं, विड्याचं पान दुमडून सुरळी करणं, सगळं चीपच. ‘टूगेदर’ (२०२०) या मालिकेचा सगळा डोलारा या क्रियापदावर उभा आहे. ग्रीन नावाचा मुलगा टाइनच्या मागे लागलाय, त्याला टाळायला टाइन सारावतला गळ घालतो की तू माझ्या मागे लागल्याचं नाटक कर. ‘पटवणे’ हा शब्द इथे नको, त्यात डाव आहे. ‘मागे लागणे’ बरा. (सारावत म्हणजे पोलीस इन्स्पेक्टर. टाइन चिडून त्याचं ‘सारालेव’ करतो, म्हणजे नालायक.)

खऽन: कुणी प्रेमाने बघितलं, कौतुक केलं की जे होतं ते. लाजणे म्हणता येईल, पण नुसत्या लाजेत संकोच जास्त आणि सुख कमी. ‘लाजून चूर’ जवळ जातं.

चिक मॉन: शब्दशः उशीला नखं रुतवणे. प्रसंग इतका गोड की बघणाऱ्याला बसवत नाही, हाताशी असलेली उशी आवळली जाते. हा शब्द पात्रांचा नाही, प्रेक्षकांचा आहे. मराठीत ‘गुदगुल्या झाल्या’ म्हणतो, पण त्यात हाताला काही काम नाही.

नॉंग नाव: ‘बॅड बडी’तल्या पॅटचं लहानपणापासूनचं कापडी खेळणं, ज्याच्याशिवाय त्याला झोप येत नाही. ‘नाव’ म्हणजे कुजलेलं, वास येणारं. थाई घरांत अशा कधीही न धुऊ दिलेल्या उशीला, बाहुलीला लाडाने असंच म्हणतात. आणि त्याआधी ‘नॉंग’ लावून तिला धाकटं भावंड केलंय. शब्दासाठी अडून बसू नका, आपल्याकडेही आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी ओढत फिरणारी मुलं असतात. ‘कुबट बाळ’ म्हणून बघा.

प्रतिसाद

एका शब्दाबद्दल गंभीरपणे लिहायचं आहे: ‘मिआ’, बायको. ‘सोटस’च्या पहिल्याच भागात सगळ्यांसमोर कोंगफोप आथितला सुनावतो की बायकोचं ते नवऱ्याचंच असतं, तेव्हा इंजिनिअरिंगचा गिअर (तिथल्या विद्यार्थ्यांचं दातेरी चक्राचं मानचिन्ह) मिळवायला मी तुम्हाला माझी बायको करीन. वाक्यात आदराचा ‘फी’ आहे आणि चारचौघांत खाली बघायला लावणारा ‘मिआ’ही आहे. या दोन शब्दांच्या टकरीतून मालिका सुरू होते. भाषांतर करताना ‘जोडीदार’ असा सौम्य शब्द घालू नका, तिथे ‘बायको’च हवा, नाहीतर आथित का भडकला ते कळणार नाही.

पण बऱ्याच मालिकांत पुढेही दोघांपैकी बुटक्याला, नाजूक असेल त्याला ‘मिआ’ म्हणत राहतात. हे मला आवडत नाही. थाईत नायकाला ‘फ्रा एक’ आणि नायिकेला ‘नांग एक’ म्हणतात. या मालिकांसाठी ‘नांग’ (बाई) काढून ‘नाय’ (बाप्या) घातला आणि ‘नाय एक’ असा नवा शब्द बनवला. नाव पुरुषाचं, जागा मात्र नायिकेचीच ठेवली. (‘एक’ हा आपलाच एक.) ‘बॅड बडी’ मला उजवी वाटते ती यासाठीच. पॅट आणि प्रान यांच्यात नायिकेची जागा रिकामी आहे आणि ती भरायची कुणालाही घाई नाही.

कायद्याच्या भाषेनेही हीच वाट धरली. २३ जानेवारी २०२५पासून थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांना लग्न करता येतं. कायद्यात पूर्वी ‘सामी’ आणि ‘फरिया’ होते, म्हणजे आपले स्वामी आणि भार्या. त्यांच्या जागी आता ‘खू सोमरोत’ आहे. खू म्हणजे जोडी, सोमरोत म्हणजे समरस. शब्द नवा नाही, लग्नाच्या जोडीदारासाठी आधीपासून होता, आता सगळ्यांना लागू झाला. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. त्यामुळे मराठीत अशा जोडप्यासाठी कायद्याचा शब्दच तयार झालेला नाही. बोलीतला आपल्याला घडवावा लागेल, आणि तो आईला समजावून सांगतानाच घडेल, असं मला वाटतं.

मूळ विचारणाकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: कॉलेजच्या आवारात चारचौघांसमोर ‘आथितसर, तुम्ही’. दोघेच असताना ‘फी आथित’ तसंच, पण ‘तुम्ही’ कायम. आथितच्या तोंडी आधी ‘ए, तू’ आणि नंतर ‘अरे’. आई ‘अरे’ आणि ‘ए’ मधला फरक बरोबर टिपते. ‘राप नॉंग’ला मात्र रॅगिंग म्हणणार नाही. राप म्हणजे स्वीकारणे, धाकट्यांना आपल्यात घेणे. प्रत्यक्षात तिथे छळ होतो, तो पडद्यावर दिसतोच, पण शब्दात मूळचं स्वागत राहू दे. त्या दोहोंतला विरोध आईला दिसला पाहिजे.

एक शब्द राहिला. ‘बॅड बडी’चं थाई नाव ‘खॅ फुअन ख्राप फुअन’ असं आहे: ‘फक्त मित्र’, मग पुरुषाने वाक्याला लावायचा आदराचा ‘ख्राप’, आणि पुन्हा ‘मित्र’. मी ‘फक्त मित्र आहोत हो, मित्रा’ केलंय. ‘नाही हो’, ‘बसा हो’ मधला हा ‘हो’ मला ख्रापच्या सगळ्यात जवळचा वाटतो. पण ‘हो’ आदरार्थी आणि ‘मित्रा’ एकेरी, हे एका वाक्यात कानाला कसं लागतं? विशेषतः कोल्हापूर-सांगलीकडच्या आणि कोकणातल्या मंडळींनी सांगावं, तिकडे ‘हो’ वेगळ्या सुरात येतो.