उघडा टेस्ट बेंच मुंबईत रोजच्या वापराला घ्यावा का?

खाडीकाठ
सतत ग्राफिक्स कार्ड, रॅम, कूलर बदलून पाहणाऱ्यांसाठी टेस्ट बेंचइतकं सोयीचं दुसरं काही नाही. एक चौकट, वर मदरबोर्ड, खाली पॉवर सप्लाय, चारही बाजूंनी हात घालायला मोकळं. पण बरेच जण तोच रोजचा पीसी म्हणून वर्षभर टेबलावर ठेवतात, आणि मुंबईत ते करू नये असं माझं ठाम मत आहे.

कारण नुसती धूळ नाही, ती झाडता येते. कारण मीठ आहे. समुद्राच्या हवेतले मिठाचे कण धुळीसोबत बोर्डावर बसतात. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मग कोरडी दिसणारी ती धूळ म्हणजे खाऱ्या पाण्याचा पातळ थर, आणि त्यातून वीज वाहते. शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज असेल तर तिथे धातू झिजतो आणि हळूहळू शॉर्टही होतो. आधी स्क्रूंवर आणि कार्डाच्या पट्टीवर तांबूस गंज दिसतो. पुढे रॅमचा संपर्क जातो आणि सुरू होतानाच पीसी अडखळतो.

चाचणीपुरता बेंच, रोजच्यासाठी बंद केस. कुणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट मांडा.

सोल्डरवाला
मिठाचा मुद्दा खरा, निष्कर्ष पटत नाही. केस बंद असते म्हणजे हवाबंद नसते. पुढचे तीन पंखे तीच खारी हवा जोराने बोर्डावरून नेतात. नायलॉनच्या जाळीत डोक्याचे केस आणि कापसासारखी धूळ अडते, मिठाचे बारीक कण सरळ आत जातात.

दुसरं, चालू बोर्ड गरम असतो. ३० अंशांची ८५ टक्के दमट हवा ४० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे मीठ विरघळायच्या मर्यादेच्या बरीच खाली. धोका आहे तो बंद पडून राहिलेल्या पीसीला, आणि तो केसमध्येही तितकाच आहे. उलट बेंचवर काय साचलंय ते रोज डोळ्यांना दिसतं आणि दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रश फिरवायला पाच मिनिटं पुरतात. केसची काच वर्षवर्षभर कोण उघडतं?

खाडीकाठ
चालू बोर्ड कोरडा राहतो हे मान्य. पण एसीचा हिशेब तुम्ही धरला नाही. त्याच ३० अंश, ८५ टक्के हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते तो, २७ अंशांच्या आसपास येतो. रात्रभर २४ वर एसी, पीसी बंद, सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली, की थंड हीटसिंकवर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर पाणी धरतं. बंद केसमध्ये हवा हळूहळू बदलते, तोवर आतले भाग खोलीच्या तापमानाला येतात. बेंचवर ती हवा थेट धातूला भिडते. फरक इथे आहे. बेंच ठेवायचाच असेल तर खिडकी उघडल्यावर अर्धा-पाऊण तास पीसी सुरू करू नका.

ग्रँटरोड पश्चिम
दोघांच्या वादात निवडीचा प्रश्न राहूनच गेला.

ने-आण करायची असेल तर ओपन बेंचटेबल किंवा त्याच घराण्यातला स्ट्रीकॉमचा बीसी१: सपाट पाट, पसारा कमी. कूलर मास्टरचा मास्टरफ्रेम ७०० दोन्ही रूपांत वापरता येतो, उभा प्रदर्शनासाठी आणि आडवा बेंच म्हणून. थर्मलटेकचा कोअर पी३ भिंतीवर टांगता येतो, पण चाचणीच्या कामाला मला तो पटत नाही. तिथे उभ्या कार्डासाठी रायझर केबल, म्हणजे कार्ड आणि स्लॉट जोडणारी पट्टी, लागते, आणि केबल पीसीआय एक्सप्रेस ३.० ची व कार्ड ४.० चं असेल तर स्क्रीन काळी राहते किंवा चित्र मध्येच तुटतं. बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर बांधावा लागतो. मग त्या कार्डाची चाचणी तरी कशाची?

घेताना पाहायचं ते हे. एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या पूर्ण आकाराचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. कार्डाची पट्टी स्क्रूने आवळायला मागे उभा आधार हवाच. दीड-दोन किलोचं कार्ड नुसतं स्लॉटवर उभं राहिलं तर केबलच्या ओढीने तिरकं होतं. बारा व्होल्टची नवी सोळा पिनांची केबल कनेक्टरपासून निदान ३५ मिलिमीटर सरळ जायला हवी, त्यानंतरच वळवा. आणि स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर स्क्रूने आवळतात ते छोटे खुंटे: बहुतेक ६-३२ आट्याचे, पण काही स्वस्त चौकटींत एम३. दोन्हींचे स्क्रू एका पुडीत मिसळले की आटे मेलेच. लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतात. मागताना आटा सांगा, नुसतं ‘मदरबोर्डचा स्क्रू’ म्हणू नका.

थंडहवा
उघडं म्हणजे थंड, हा समज आधी सोडा. केसमध्ये पुढून मागे वाहणारी हवा प्रोसेसरच्या सॉकेटशेजारच्या व्हीआरएमवरून, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावरून जाते. बेंचवर टॉवर कूलर असेल तर थोडा वारा मिळतो. लिक्विड कूलर लावला तर रेडिएटर बाजूला उभा आणि सॉकेटभोवती हवा स्तब्ध. प्रोसेसर ७० अंशांवर मजेत आणि व्हीआरएम शंभरीकडे, असं होतं. लवचिक दांडीवर १२० मिलिमीटरचा एक पंखा, बोर्डापासून १०-१५ सेंटिमीटरवर, मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरला तरी पुरतो. कार्डाखालच्या एम.२ एसएसडीलाही त्याचाच आधार.

कूलरची तुलना करणाऱ्यांनी छताचा पंखा बंद ठेवावा. तो व्हीआरएमला मदत करतो, पण रेग्युलेटर एक आकडा हलला की निकाल हलतो. खोलीचं तापमान बोर्डाच्या उंचीवर मोजा आणि निकाल फरकात लिहा. ३२ अंशांच्या खोलीतले ७४ आणि २५ च्या खोलीतले ६७ म्हणजे दोन्हीकडे ४२ चाच फरक.

तीनपिन
अर्थिंगबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तार असेलच असं नाही. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचे कपॅसिटर अर्थ नसताना बॉडीवर मेनच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११५ व्होल्टच्या घरात व्होल्टेज चढवतात. प्रवाह अगदी थोडा, पण उघड्या अ‍ॅल्युमिनियमला हात लागला की मुंग्या येतात. अ‍ॅक्रिलिकच्या बेंचवर त्या जाणवत नाहीत, व्होल्टेज मात्र जात नाही. ते एचडीएमआयच्या टोकावर उभं असतं आणि केबल टीव्हीला लावताना ठिणगी पडते. पोर्ट असेच जातात.

मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आहे का ते पाहा. नसेल तर आधी वायरमन, मग बेंच. आणि सगळं हाताशी आहे म्हणून स्टँडबाय चालू असताना, म्हणजे पीसी बंद पण सॉकेट चालू असताना, कार्ड किंवा रॅम ओढू नका. सॉकेटचं बटण बंद करा, बोर्डावरचा दिवा विझू द्या, मगच हात घाला.

सोल्डरवाला
अर्थिंगच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. खाडीकाठ, दवाचा मुद्दाही घेतला, पण त्यावर उपाय केस नाही. रात्री बेंचवर सुती चादर टाका. पीसी बंद करून बोर्ड कोमट होईपर्यंत थांबा, मग झाका. प्लास्टिक नको, आतली वाफ तिथेच कोंडते. सकाळीही हवा एकदम धातूवर येणार नाही. झुरळं आणि पालीही बाहेर राहतात.

खाडीकाठ
चादर हवा मंदावते, ओल अडवत नाही. सुती कापड स्वतःच दमट होतं आणि रात्रभर बोर्डाला टेकून राहतं. झाकायचंच असेल तर बेंचच्या चार कोपऱ्यांवर बोर्डापासून हातभर उंच दांडे उभे करा आणि त्यांवर कापड ताणा, म्हणजे ते कशालाच टेकणार नाही. २०-२० चे अ‍ॅल्युमिनियम सेक्शन, एम५ चे बोल्ट आणि टी-नट नागदेवी स्ट्रीटला मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याहून जास्त बंद ठेवायचा असेल तर कार्ड आणि रॅम काढून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. यात तडजोड नको.