मदत हवी आहे: घाटात टर्बोचा दम सुटतो, सोलेनॉइड (टर्बोचा दाब सांभाळणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) की टर्बो?

गाडी २०११ ची, १.३ लिटर डिझेल, व्हीजीटी टर्बो (आतल्या हलत्या पात्या, म्हणजे व्हेन, दाब कमीजास्त करतात), १,४२,००० किमी. सपाटीवर ठणठणीत. पण खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये २,२०० आरपीएमच्या पुढे पाय दाबला की ताकद एकदम जाते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. बंद करून चालू केली की पुन्हा ठीक! इंजिन तापल्यावरच होतं. कोड पी०२९९, म्हणजे अंडरबूस्ट, टर्बोचा हवेचा दाब (बूस्ट) मागणीपेक्षा कमी. स्कॅनरवर मागणी २.१ बार (ॲब्सोल्यूट, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून), मिळतो जेमतेम १.५.

एअर आणि डिझेल फिल्टर नवे, मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) व ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ, व्हॅक्यूमच्या नळ्या बदलल्या. इंटरकूलरच्या होजवर साबणपाणी मारून पाहिलं, बुडबुडे नाहीत. पण ते आयडलवर, त्यामुळे माझाच त्यावर फार भरवसा नाही. हातपंपाने ॲक्च्युएटरचा (व्हॅक्यूमवर व्हेन हलवणारा भाग) दांडा पूर्ण हलतो, व्हॅक्यूमही धरतो, मात्र हे थंड इंजिनवर. काळा धूर नाही, ऑइल पीत नाही, शिट्टीही नाही.

मेकॅनिक थेट टर्बो बदला म्हणतो. तेवढा खर्च आत्ता जमणार नाही.

टर्बो न उतरवता, गरम इंजिनवर बूस्ट सोलेनॉइड आणि अडकणाऱ्या व्हेन यांतला दोषी नक्की कसा ओळखायचा? सोलेनॉइड वगळून थेट व्हॅक्यूम देऊन थोडं चालवलं, तर ओव्हरबूस्टचा धोका कितपत?