फोन नवा, तरी वेग जुनाच

‘फाइव्ह-जीचा वेग मिळत नाही म्हणजे तुमचा हँडसेटच जुना असणार’ हे इथलं एकाचं मत मला अजिबात पटलेलं नाही. माझा फोन फाइव्ह-जीचाच आहे, सेटिंगही दोनदा तपासून झालंय. गच्चीवर गेलं की झकास वेग मिळतो. खाली घरात आलं की फोर-जीचं चिन्ह येतं आणि व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा मध्येच गोठतो. फार चीड येते.

दोष मोबाइलच्या रेडिओ लहरींच्या स्वभावात आहे. या लहरींच्या 2022 च्या सरकारी लिलावात मोबाइल कंपन्यांनी फाइव्ह-जीसाठी मुख्यतः 3300 मेगाहर्ट्झचा पट्टा (फ्रिक्वेन्सी बँड) घेतला. त्यात डेटा भरपूर मावतो, पण भिंती आणि स्लॅब ओलांडताना या लहरी लवकर क्षीण होतात. 700 मेगाहर्ट्झच्या लहरी घरात आतपर्यंत पोचतात, फक्त तो पट्टा अरुंद असल्याने वेग कमी. म्हणजे टॉवर दाट उभारायला हवेत, आणि तो खर्च कंपनीने करायचा आहे. मग ग्राहकाने नवा फोन का घ्यायचा? रिचार्ज विकताना यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं.

कस्टमर केअरने ‘फोन बंद करून चालू करा’ म्हणून बोळवण केली, तरी तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) मागून घ्याच. तो असला की कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मी मागच्या आठवड्यात अपील केलंय. उत्तर आलं की इथे लिहीन.