कासव पाषाण तलावात सोडलं तर चालेल का?

मृण्मयी_कोथरूड:
लेक दुसरीत असताना, २०१७ मध्ये, माशांच्या दुकानातून दोन कासवं आणली होती. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, हिरवीगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. "एवढीच राहतात," असं दुकानदार म्हणाला होता. एक वर्षभरात गेलं. दुसरं आता भाकरीएवढं झालंय. बाल्कनीतला टब घासून दोन दिवस होत नाहीत तोच वास सुटतो. लेकाची दहावी, त्यामुळे सगळं माझ्यावरच. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला कोंडून ठेवू नये, पाषाण तलावात सोडून ये. शेजारच्यांनी त्यांचं मागच्या वर्षी तिथेच सोडलं. त्याचे हाल होऊ नयेत एवढंच मला वाटतं. सोडू का?

भीमाकाठचा:
ताई, हात जोडून सांगतो, सोडू नका.

हे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या शंभर सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या तळ्यात ते मरत नाही, चांगलं तगतं, आणि खरी अडचण तीच आहे. कासवाला ऊन खायची जागा अन्नाइतकीच गरजेची असते, कारण अंग तापल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही. तळ्यात असे दगड, ओंडके मोजकेच. स्लायडर ते बळकावतं आणि आपली कासवं बाजूला पडतात. शिवाय बेडकांची पिल्लं, गोगलगायी, पाणवनस्पती, काहीही खातं.

हे पुस्तकातलं सांगत नाही. २०१२ मध्ये मीच माझं स्लायडर गावच्या तळ्यात सोडलं. आई सोबत होती, तिने पाण्याला हळदकुंकू वाहिलं. जीवदान दिल्याचं समाधान घेऊन घरी आलो. चार वर्षांनी त्याच घाटाच्या पायरीवर तीन स्लायडर माना ताणून ऊन खात होती. लहानपणी त्या पायरीवर आमची मऊ पाठीची कासवं बसायची, चाहूल लागली की डुबुक्कन पाण्यात. त्यानंतर तिथे मला एकही दिसलेलं नाही. दरवेळी गावी गेलो की बघतो.

शेजारच्यांचं तिथेच आहे म्हणता. एक नर आणि एक मादी निघाली तर?

अनघा_सातारा:
माझ्याकडे अकरा वर्षांचं आहे. नीट ठेवलं तर तीस वर्षंही जगतं, तेव्हा तयारी लांबची ठेवा. वासाचं कारण लहान टब. मोठी टाकी, चांगला फिल्टर आणि पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा दगड द्या. बाल्कनीत थेट ऊन येत नसेल तर यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा, लागतो, नाहीतर पाठ मऊ पडते. खायला नुसत्या गोळ्या नकोत. मोठ्या कासवाला पाला जास्त हवा.

टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच धुऊ नका, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा. अंगावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. लहान मुलं आजारी पडत म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकणं बंद केलं. आपल्याकडे तेवढीशीच हातात देतात, याचा मला फार राग येतो.

नरमादी ओळखायला पुढच्या पायांची नखं बघा. नराची चांगलीच लांब असतात, मादीची आखूड.

ठेवणं अजिबात जमणार नसेल तर वन्यजीव बचाव केंद्राला आधी फोन करून विचारा. आणि इतर वाचणाऱ्यांसाठी: पाठीवर चांदण्यांची नक्षी असेल तर ते स्टार कासव, ते घरात ठेवणंच गुन्हा आहे. वनखात्याच्या १९२६ वर कळवा.

मृण्मयी_कोथरूड:
दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना भीमाकाठच्या दादांचं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, राहू दे घरातच. टाकी रविवारी बघायला जातोय.

नखं बघितली. आखूड आहेत. मग शेजारी जाऊन त्यांच्या कासवाचा जुना फोटो मागितला. त्याची लांब होती.