मदत हवी आहे: पापलेट, सरंगा, हलवा, रूपचंद यातला कोणता घ्यायचा?

मी नांदेडचा. आमच्या घरी मासा म्हणजे गोदावरीचा. भोयाकडून मरळ नाहीतर वाम आणायची, काळ्या मसाल्यात रस्सा करायचा आणि ज्वारीची भाकरी कुस्करून खायचा. खाऱ्या पाण्यातल्या माशांचं मला काही कळत नाही.

यंदा मुलाचं लग्न झालं. सून मालवणची. इतक्या दिवसांत तिने कशाचीच तक्रार केली नाही. एकदाच सहज म्हणाली, "बाबा, इथे सरंगा मिळतो का हो?" रविवारी बाजारात गेलो. दुकानदाराने बर्फातला काळपट, चपटा मासा काढून दिला, हाच सरंगा म्हणाला. सुनेने बघितलं आणि सांगितलं, हा हलवा. आमच्याकडे सरंगा म्हणजे पापलेट. तरी तिने हौसेने तळला, सगळ्यांना आवडलाही.

पुढच्या रविवारी नाव घेऊन पापलेट मागितलं. पोटाला लालसर झाक होती, पण मला काय माहीत? तिने मुकाट्याने कालवण केलं. जेवणं झाली तेव्हा तिच्या ताटातला तुकडा तसाच होता. रात्री मुलगा म्हणाला, तो रूपचंद होता, गोड्या पाण्यातला. फार लागलं मनाला.

पुढच्या महिन्यात व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच घरी येताहेत. दुकानात उभ्या उभ्या पापलेट कसं ओळखायचं? हलवा त्यांच्यासमोर ठेवला तर कमीपणा वाटेल का? आणि सुरमईचे कापलेले तुकडे मिळतात, ते घ्यावेत का?

प्रतिसाद

काका, मी वेंगुर्ल्याची, लग्नानंतर लातूरला आले. माझीही सुरुवातीला अशीच फसगत झाली होती.

आधी माशाचं तोंड उघडून बघा. रूपचंदला माणसासारखे ठसठशीत दात असतात आणि पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो. पापलेटाला यातलं काहीच नाही. तोंड इवलंसं, अंग चंदेरी, शेपटी खोल दुभंगलेली. रूपचंद मुळात दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे तळ्यांत वाढवतात. त्याच्या मांसात बारीक काटे असतात. पापलेटात मधला काटा काढला की काम झालं, म्हणून तर लहान मुलांनाही देतात.

हलव्यात कमीपणा अजिबात नाही. इंग्रजीत त्याला काळं पापलेट म्हणत असले तरी तो पापलेटाच्या कुळातला नाहीच. शेपटीच्या बुडाशी बोट फिरवा, खरखरीत खवले लागतील. मांस घट्ट असतं, कालवणात तुकडा मोडत नाही. बर्फात लांबून आलेलं पापलेट मऊ पडलं असेल तर मी डोळे मिटून हलवा घेते.

सुरमईचे कापलेले तुकडे मात्र नकोत. त्यात कुपा (ट्यूना) किंवा मोडसा (कोबिया) खपवतात. कुप्याचं मांस गडद लाल, ते कळतं. मोडसा कापल्यावर ओळखणं अवघड. मासा अख्खा बघा, अंगावर पाठीकडून पोटाकडे उतरणाऱ्या नागमोडी रेघा दिसल्या की समोर कापून घ्या.

धागाकर्ता

ताई, आज तोंड उघडून बघितलं. दात होते. तो तिथेच ठेवला आणि हलवा घेऊन आलो. सून विचारतेय, कालवणात घालायची तिरफळं लातूरला कुठे मिळतात? नांदेडात चार दुकानं पालथी घातली.