बँकॉकमध्ये आईला घेऊन कमी पैशात राहायचं कुठे?

कोथरूडची_भटकी
नमस्कार मंडळी, जानेवारीत मी आणि आई बँकॉकला जातोय, फक्त बँकॉकच, पट्टाया वगैरे नाही. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि तिचे गुडघे दुखतात त्यामुळे फार पायपीट नको. एजंट खाओ सान रोडचं हॉटेल गळ्यात मारतोय, स्वस्त आहे म्हणतो. टॅक्सीवर पैसे उडवायचे नाहीत. कुठला एरिया बघू? आणि आईच्या जेवणाचं काय?

डोंबिवली_फास्ट
ताई, खाओ सान अजिबात नको. रात्रभर दणदणाट तर असतोच, पण मुख्य म्हणजे जवळ ना मेट्रो ना स्कायट्रेन, मग हॉटेलात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. साम योत मेट्रो स्टेशनच्या आसपास बघा. सुवर्णभूमी विमानतळाहून एअरपोर्ट लिंक ट्रेनने मक्कासान, तिथून लगतच्या पेचबुरी स्टेशनला मेट्रो धरायची ती थेट साम योत, दोन्ही मिळून शंभर बाटच्या आत. पुढचंच स्टेशन सनाम चाय, तिथून वाट फो हे झोपलेल्या बुद्धाचं देऊळ चालत. शिवाय साम योतजवळ फाहुरात, म्हणजे तिथलं लिटल इंडिया, आईंच्या जेवणाचा प्रश्न तिथेच सुटला.

खाऊगल्ली
जेवणाबद्दल सांगते. नुसतं व्हेज म्हणून चालत नाही, वरून फिश सॉस पडतोच, आणि सोम तम म्हणजे कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये सुकट असते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं शोधा, लांबून १७ लिहिल्यासारखं दिसतं. ते 'जे' जेवण: मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, लसूणसुद्धा नाही, त्यामुळे आईंना अळणी वाटेल, बॅगेत लसणाची चटणी असू द्या. असोकला टर्मिनल २१ मॉलमध्ये वर पिअर २१ फूड कोर्ट आहे, मॉलच्या मानाने फारच स्वस्त.

नदीकाठचा
सेन सेपची कालव्यातली बोट कुणी सांगितली नाही? ट्रॅफिक तुंबलेलं असताना ती सुसाट जाते, पाणी उडू नये म्हणून कडेला बसलेल्यांनीच दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घ्यायचा, आणि कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत पैसे गोळा करतो! मला तर अख्ख्या शहरात तेच सगळ्यात आवडलं.

डोंबिवली_फास्ट
@नदीकाठचा बोट भारीच आहे, पण ती धक्क्याला जेमतेम थांबते, हलत्या बोटीत पटकन पाय टाकावा लागतो, दुखऱ्या गुडघ्यांना ते नको. त्यापेक्षा चाओ फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची बोट, १६ बाट, कितीही लांब जा. आणि नदीपलीकडच्या वाट अरुण या देवळाला था तिएन धक्क्यावरून पलीकडे जाणारी छोटी बोट. वाट अरुणच्या पायऱ्या उभ्या आहेत, आईंना खालूनच बघू दे, खालचं चिनी मातीच्या तुकड्यांचं काम जवळून बघण्यासारखं आहे.
हो, आणि ग्रँड पॅलेसबाहेर कोणी गोड बोलून सांगेल की आज बंद आहे, रिक्षाने दुसरीकडे नेतो. ऐकू नका, सरळ गेटवर जा, नाहीतर शिंप्याच्या नाहीतर खड्यांच्या दुकानात नेऊन बसवतात. तिकीट ५०० बाट, सकाळी साडेआठला उघडतं, ऊन चढायच्या आत उरका.

कोथरूडची_भटकी
खूप आभार सगळ्यांचे! एजंटला नकार कळवला, साम योतलाच बघते. आईला गणपतीचं एखादं देऊळ दाखवायचंय, आहे का मेट्रोजवळ?

खाऊगल्ली
आहे की, हुआय ख्वांग स्टेशनजवळ चौकातच. साम योतहून त्याच निळ्या लाइनवर, गाडी बदलायला नको. संध्याकाळी जा.