लेबले बंद करताना शोध बंद होऊ नये

‘नोड फीचर डिस्कव्हरी’ हे कुबरनेटीस क्लस्टरमधील प्रत्येक नोडची (यंत्राची) वैशिष्ट्ये शोधून त्यावर लेबले लावणारे साधन आहे. त्याच्या वर्करला (नोडवर शोध घेणाऱ्या घटकाला) पीसीआय उपकरणांची, म्हणजे नेटवर्क कार्डासारख्या जोडलेल्या हार्डवेअरची, लेबले लावू द्यायची नव्हती, म्हणून ‘-फीचर-सोर्सेस=ऑल,-पीसीआय’ असे दिले आणि त्यानंतर स्वतः लिहिलेला नोडफीचररूल (सापडलेल्या वैशिष्ट्यांवरून लेबल ठरवणारा नियम) लागू होणे थांबले, अशी अडचण एका वापरकर्त्याने मांडली आहे. मला वाटते, येथे पर्यायाची निवड चुकली आहे. फीचर-सोर्सेसमधून स्रोत वगळला की त्याचा शोधच थांबतो, त्यामुळे नियमाला तपासण्यासाठी माहितीच उरत नाही; याउलट ‘-लेबल-सोर्सेस=ऑल,-पीसीआय’ दिल्यास शोध चालू राहतो, फक्त त्या स्रोताची तयार लेबले नोडवर लागत नाहीत. नेटवर्क कार्डाचा वर्ग ०२०० (पीसीआयमधील इथरनेट कार्डांचा सांकेतिक क्रमांक) नियमातून जुळवणाऱ्यांसाठी हा फरक निर्णायक आहे, कारण मूळ मांडणीत त्या वर्गाला लेबल मिळतच नाही.

बदल थेट क्लस्टरवर करण्याआधी ‘-वनशॉट’ आणि ‘-नो-पब्लिश’ एकत्र देऊन पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिल्यामुळे वर्कर एकच फेरी करून थांबतो, तर दुसऱ्यामुळे तो क्लस्टरकडे काहीही पाठवत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी: आदेशओळीवरील स्रोतांचे हे पर्याय कॉन्फिग फाइलमधील मूल्यांवर मात करतात, त्यामुळे फाइल कितीही वेळा दुरुस्त केली तरी जुना पर्याय वर्कर ज्यात चालतो त्या पॉडच्या (कंटेनर-गटाच्या) आर्ग्युमेंटमध्ये असेपर्यंत परिणाम दिसणार नाही.